प्रयोग झाला, फोटो काढला, वह्या भरल्या. पण पोरांनी विचार कुठे केला?

चौथीचा वर्ग, परिसर अभ्यासाचा तास, टेबलावर भिजवलेली मटकी, ओलं फडकं, दोन वाट्या. बाई प्रयोग करून दाखवतात, पोरं भोवती गोळा होऊन बघतात, फोटो निघतो आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, मग फळ्यावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं ओळीने लिहिलं जातं आणि सगळा वर्ग ते उतरवून घेतो. वह्या तपासायला घेतल्या की सगळ्यांच्या वहीत एकच अनुमान, तेही शब्दन् शब्द सारखं. म्हणजे निरीक्षण पोरांनी केलं असेलही, पण अनुमान काढलं ते फळ्याने.

यात बाईंना दोष द्यायचा नाहीये. परीक्षेत विचारतात 'बी रुजण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक असतात?' आणि उत्तर ठरलेलं असतं, पाणी, हवा, योग्य तापमान. ज्याला मार्क आहेत तेच वर्गात होणार, कितीही प्रशिक्षणं झाली तरी. म्हणून शोधातून विज्ञान कसं शिकवायचं आणि ते तपासायचं कसं हे दोन वेगळे विषय नाहीतच, आणि माझं स्पष्ट मत आहे की तपासायची पद्धत बदलल्याशिवाय शिकवायची पद्धत बदलत नाही.

आधी शोधातून विज्ञान म्हणजे काय ते बघू. मुलाला काहीतरी वाटतं, ते तो बोलून दाखवतो, ते खरं की खोटं हे बघायला काय करता येईल असा विचार करतो, मग तसं करून बघतो, जे दिसलं ते लिहितो, आणि शेवटी ठरवतो की माझं आधीचं म्हणणं ठेवायचं की सोडायचं. एवढंच. यात महागडी लॅब नाही, पांढरा कोट नाही. पण एक गोष्ट पाहिजेच, ती म्हणजे उत्तर आधी माहीत नसणं, किमान मुलाला तरी.

आता लगेच प्रश्न येतो की मग सगळं पोरांवरच सोडायचं का? नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात जोसेफ श्वाब आणि नंतर १९७१ मध्ये मार्शल हेरॉन या शिक्षणतज्ज्ञांनी याच्या पायऱ्या मांडल्या आणि त्या फार कामाच्या आहेत. बघायचं इतकंच की प्रश्न कोणी दिला, रीत कोणी ठरवली आणि उत्तर कोणी काढलं. तिन्ही शिक्षकाने दिलं तर तो पडताळा झाला, आधी सांगितलेलं खरं आहे हे बघणं. प्रश्न आणि रीत शिक्षकाची पण उत्तर मुलांनी काढायचं, ही पुढची पायरी. प्रश्न शिक्षकाचा, रीत मुलांची, ही त्यापुढची. आणि प्रश्नही मुलांचाच, ही शेवटची. तिसरी-चौथीच्या वर्गात मधल्या दोन पायऱ्यांवरच बहुतेक काम होतं आणि तेवढं झालं तरी खूप झालं, उगाच पहिल्या दिवशी शेवटच्या पायरीवर उडी मारली की वर्गात नुसता गोंधळ होतो आणि मग शिक्षक म्हणतात हे आपल्याकडे चालत नाही.

आता तीच मटकी घेऊ, पण नीट.

सुरुवातीला मटकी आणायची नाही. फक्त विचारायचं, मोड यायला काय काय लागतं? उत्तरं येतात: पाणी, माती, खत, ऊन. ऊन तर हमखास येतं, कारण झाडाला ऊन लागतं हे सगळ्यांना पाठ आहे. मग विचारायचं, घरी आई नाहीतर आजी मटकी कशी करते? रात्रभर भिजवते, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधते आणि डब्यात झाकून ठेवते. इथे वर्ग थांबतो. फडक्यात ऊन कुठे असतं, माती कुठे असते? कोणीतरी म्हणतं, 'बाई, पण दिवसा थोडा उजेड जात असेल की आत.' हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण आता तपासायला काहीतरी मिळालं.

मग अंदाज लिहायचा, पेनाने, कारणासकट, आणि खोडायचा नाही. नंतर गटांना काम. एका गटाची मटकी कोरडी, एकाची ओल्या फडक्यात उजेडात, एकाची ओल्या फडक्यात बंद खोक्यात, एकाची ग्लासभर पाण्यात पूर्ण बुडवलेली, आणि कोणाच्या घरी फ्रिज असेल तर ओल्या फडक्यातलीच एक वाटी फ्रिजमध्ये. प्रत्येकाकडे २० दाणे, एकाच पिशवीतले. वीसच का, एक का नाही, हे सांगून टाकू नका, ते पुढे आपोआप कळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दिसतं ते पुस्तकासारखं स्वच्छ नसतं आणि खरी मजा तिथेच आहे. ओल्या फडक्यातल्या दाण्यांतही दोन-तीन तसेच टणक राहतात. पोरांना वाटतं आपला प्रयोग फसला. घरी विचारून या म्हटलं की आजी सांगते, ते गणंग. गणंग दाण्याचं साल इतकं कडक असतं की पाणी आतच शिरत नाही. मग एखादी मुलगी विचारते, साल जरा घासलं तर? काचकागदावर दोन-चार गणंग दाणे हलके घासून परत भिजवायला काहीच खर्च नाही, आणि हा प्रश्न तिचा स्वतःचा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या शेवटच्या पायरीवर ती स्वतःच्या पायाने पोचली. आणि एकच दाणा घेतला असता आणि तो गणंग निघाला असता तर काय, हे लक्षात आलं की वीस का घेतले हेही कळतं.

अंधारातल्या मटकीला मोड येतात, आणि आठवडाभर ठेवली तर तिचे कोंब उजेडातल्यापेक्षा लांब आणि पिवळट होतात. वर्ग लगेच म्हणतो, अंधारात जास्त चांगलं वाढतं! इथे 'चूक' म्हणायचा मोह आवरायचा. विचारायचं, चांगलं म्हणजे काय? लांब म्हणजे चांगलं का? अजून चार दिवस ठेवू, काय होतं बघू. दाण्यात साठवलेलं अन्न संपलं की अंधारातले कोंब माना टाकतात. म्हणजे मोड यायला उजेड लागत नाही, पण पुढे जगायला लागतो, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पोरांना दिसतं, सांगावं लागत नाही.

पाण्यात बुडवलेल्यांचं अजून गुंतागुंतीचं असतं. दाणे फुगतात, काहींना इवलासा कोंबही दिसतो, मग वाढ अडते आणि पाण्याला वास सुटतो. पाणी तर भरपूर होतं, मग कमी काय पडलं? हवा हे उत्तर इथून निघतं.

आणि फ्रिजवाली वाटी ही माझी सगळ्यात आवडती, कारण तिथे मोड येत नाहीत किंवा फारच उशिरा येतात आणि सगळे म्हणतात थंडीमुळे. मग शिक्षकाने एकच विचारायचं: फ्रिजचं दार लावलं की आत उजेड असतो का? नसतो. म्हणजे उजेडातल्या वाटीशी तुलना केली तर दोन गोष्टी बदलल्या, थंडी पण आणि अंधार पण, मग कशामुळे झालं हे कसं सांगणार? तुलना करायची तर बंद खोक्यातल्या वाटीशी करायला हवी, तिथे अंधार दोन्हीकडे सारखा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा विज्ञानाचा कणा आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला तो कळू शकतो.

पण तो आपोआप कळेल असं धरून चालू नका. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या संशोधकांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या ११२ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे, उतारावरून चेंडू सोडायचे आणि चेंडू किती लांब जातो ते कशावर ठरतं ते शोधायचं असा. ज्यांना एकच गोष्ट बदलायची ही रीत उदाहरणं देऊन सरळ समजावून सांगितली त्यांच्यातल्या कितीतरी जास्त मुलांना ती आली, नुसतं 'करून बघा' म्हटलेल्यांत फार थोड्यांना. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी तर कमी मार्गदर्शनाच्या सगळ्याच पद्धतींवर कडक टीका केली होती. ती टीका मला पूर्ण पटत नाही, पण तिच्यातलं एक घ्यायलाच पाहिजे: रीत शिकवायला लाजू नका, फक्त उत्तर आधी देऊ नका. मोजपट्टी कशी धरायची, तक्ता कसा आखायचा, न्याय्य तुलना म्हणजे काय, हे सांगायचंच असतं.

अजून एक अगदी साधी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या प्राथमिक विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग ऐकली तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलायला लागली, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, वर्गात ते फार मोठे वाटतात. आणि उत्तर आल्यावर लगेच 'शाब्बास' म्हटलं की बाकीच्यांना कळतं की विचार करायचं संपलं, त्यापेक्षा 'तुला असं का वाटलं?' आणि 'याच्याशी कोण सहमत नाही?' हे दोन प्रश्न जास्त काम करतात.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असं नाही बरं का. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीला प्रयोगातून विज्ञान सुरू केलं, १९८२ पासून ते काम एकलव्य संस्थेने पुढे नेलं आणि ते शेकडो शाळांत पसरलं, २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पूर्वी बरीच वर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात १९७८ मध्ये सामील झाले होते, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार बनवायची त्यांची आयडिया तिथलीच. पण मला त्या कार्यक्रमातलं सगळ्यात धाडसी वाटतं ते परीक्षेचं. मुलांना परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवायची मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं ठेवलं की पुस्तकात सापडेल असा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही, पेपर काढणाऱ्यालाच नवीन विचार करावा लागतो.

महाराष्ट्रात खरं तर याला जागा आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात तिसरी-चौथीला आकारिकचा, म्हणजे वर्गात रोज चालता चालता होणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ६० आणि संकलितचा, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा, ४०, सहावीला निम्मं-निम्मं. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे. म्हणजे कागदावर मुलाचा विचार बघायला भरपूर मार्क आहेत. अडचण अशी की आकारिकचे मार्क सत्र संपताना एका बैठकीत भरले जातात आणि वर्णनात्मक नोंदी छापील यादीतून उतरवल्या जातात. 'प्रयोगात आवडीने सहभागी होतो.' 'विज्ञानाची आवड आहे.' 'निरीक्षणे अचूक नोंदवते.' ही वाक्यं कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही मुलाला लागू पडतात, आणि त्यावरून उद्या त्या मुलाबरोबर काय करायचं हे कळत नाही.

याच्याऐवजी असं लिहिता येतं: 'फ्रिजमध्ये अंधारही असतो हे स्वतःहून लक्षात आणून दिलं.' 'अंदाज चुकल्यावर मोजलेला आकडा बदलला, जे दिसलं तेच लिहिण्यावर काम हवं.' 'निष्कर्ष बरोबर सांगतो, पण कशावरून म्हणतोस विचारलं की पुस्तकाचं नाव घेतो.' तिन्ही नोंदी एकेका ओळीच्या आहेत पण वाचल्यावर पुढची पायरी दिसते. आणि रोज सगळ्या वर्गाच्या नोंदी करायच्याच नाहीत, एका तासाला चार-पाच मुलं ठरवून घ्या, पुढच्या तासाला पुढची चार-पाच, महिन्याभरात वर्ग पूर्ण होतो. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळताना यापेक्षा जास्त कोणी मागूच नये.

काय बघायचं? मी चारच गोष्टी धरायला सांगेन. अंदाजामागे कारण आहे का. तुलना न्याय्य आहे का. नोंद प्रामाणिक आहे का. आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का. अंदाज बरोबर आला की चूक याला मार्क अजिबात द्यायचे नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे, कारण चुकीच्या अंदाजाचे मार्क एकदा कापले की पुढच्या वेळी पोरं निकाल दिसेपर्यंत थांबतात आणि मग अंदाज लिहितात. तसंच आकडा जुळवून लिहिणाऱ्या मुलाला रागावून उपयोग नाही, त्याने कुठेतरी शिकलेलं असतं की बरोबर उत्तर असलं की बाई खूश होतात.

निष्कर्षासाठी एक साचा चांगला चालतो, तीन ओळींचा: माझं म्हणणं काय, मी काय पाहिलं, आणि त्यावरून असं का म्हणतोय. तिसरी ओळ मुलांना सगळ्यात अवघड जाते, सुरुवातीला बरीच मुलं दुसरी ओळच परत लिहितात. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांचं तोंडी घ्या, चित्र काढू द्या, आणि घरी पावरी, भिली, गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत गटात बोलू द्या, मराठी वाक्य जमलं नाही म्हणून विचार जमला नाही असं होत नाही. गटाच्या कामाला मात्र सरसकट एकच मार्क देऊ नका, प्रयोग गटाचा पण तीन ओळी ज्याच्या त्याच्या.

आता लेखी पेपर. उघड्या पुस्तकाची परवानगी नसली तरी प्रश्न तसा काढता येतो. उदाहरणार्थ हा: 'एका मुलीने २० दाणे ओल्या फडक्यात उजेडात ठेवले, त्यातल्या १८ दाण्यांना मोड आले. दुसरे २० दाणे कोरड्या फडक्यात अंधारात ठेवले, त्यातल्या एकालाही मोड आले नाहीत. ती म्हणाली, मोड यायला उजेड लागतो. तिचं म्हणणं तुला पटतं का? का? तू काय वेगळं केलं असतंस?' चार मार्क. एक पटत नाही म्हणायला, दोन कारणाला, एक बदल सुचवायला.

उत्तरं तीन तऱ्हेची येतील असं समजा. पहिलं, 'नाही पटत, कारण मोड यायला उजेड लागत नाही असं पुस्तकात आहे.' दुसरं, 'पटतं, कारण उजेडात १८ आले आणि अंधारात एकही नाही.' तिसरं, 'नाही, कारण अंधारातल्या दाण्यांना पाणीच नव्हतं, दोन्ही ओले ठेवायला पाहिजे होते.' तिसऱ्याला पूर्ण मार्क यात वाद नाही. खरा वाद पहिल्या दोनांत आहे. नेहमीच्या पद्धतीने पहिला बरोबर, दुसरा शून्य. पण दुसऱ्याने समोरचे आकडे वाचले आणि त्यांचा वापर केला, त्याला फक्त दोन गोष्टी एकदम बदलल्यात हे दिसलं नाही. पहिल्याने आकड्यांकडे बघितलंच नाही. माझ्या मते दुसऱ्याला कारणाच्या दोनातला एक मार्क मिळायला हवा, आणि पहिल्याला पटत नाही म्हटल्याचा एक मिळेल पण कारणाचे काही नाहीत. यावर शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, जरूर भांडा, दहा शिक्षकांनी हीच तीन उत्तरं तपासून मार्कांची तुलना केली तर कुठल्याही छापील हस्तपुस्तिकेपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

सगळे धडे असे शिकवायचे नसतात हेही सांगून टाकते. हृदयाचे कप्पे किती, ग्रहांची नावं काय, हे वाचून, चित्र बघून, सांगून शिकवावं, त्यात शोध घालण्याचा अट्टाहास नको. एका सत्रात दोन प्रयोग नीट झाले तरी पुरे. मटकी एक, आणि दुसरा सावलीचा, त्याला तर फक्त अंगणात रोवलेली सरळ काठी लागते. वर्गाला विचारा सावली सगळ्यात लहान कधी होणार, सगळे बारा वाजता म्हणतील. पंधरा-पंधरा मिनिटांनी मोजायला लावा. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि मुंबई, पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे तिथे सर्वात लहान सावली साधारण साडेबाराच्या आसपास येते, फेब्रुवारीत तर पुण्यात पावणेएकच्या सुमारास. नागपूर पूर्वेला म्हणून तिथे त्याच दिवशी वीसेक मिनिटं आधी. मुंबईकडची एक शाळा आणि नागपूरकडची एक शाळा यांनी एकाच दिवशी मोजून व्हिडिओ कॉलवर आकडे सांगितले तर पाचवीच्या मुलांसमोर असा प्रश्न उभा राहतो की तो त्यांना बरेच दिवस पुरेल. शून्य सावली मात्र शाळेत बघायला मिळणं कठीण, महाराष्ट्रात ती मे महिन्यात येते तेव्हा सुट्टी असते आणि जुलैच्या आसपास परत येते तेव्हा ढग.

मटकीचा प्रयोग पहिल्या सत्रात जुलैमध्ये करा, हवा उबदार असते, मोड लवकर येतात, किती तासांनी आले ते वहीत लिहून ठेवायला लावा. मग डिसेंबरच्या थंडीत त्याच वर्गाकडून परत करून घ्या. आता वेळ जास्त लागेल आणि का लागला हे पोरं स्वतः शोधतील, फ्रिजची वाटी त्यांना आठवेलच. पण प्रयोग सुरू करायच्या आधी जुलैची पानं ज्याची त्याच्या हातात द्या आणि विचारा, तेव्हा केलं त्यातलं आता काय बदलशील? कोणी म्हणेल मोड आलेले दाणे मी मोजलेच नव्हते, कोणी म्हणेल फ्रिजच्या वाटीची तुलना खोक्यातल्या वाटीशी करायला हवी होती, कोणी म्हणेल माझं कारण नीट नव्हतं. ती उत्तरं तशीच्या तशी, मुलाच्या शब्दांत, नोंदवहीत लिहा, दुसऱ्या सत्राची आकारिक नोंद तीच.